गाओकाओच्या धर्तीवर इंग्रजी श्रवण-वाचनाची चाचणी कशी काढावी

चीनमधल्या उच्च माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवू लागलेल्या शिक्षकावर, मग तो तिथे जाऊन शिकवत असो की ऑनलाइन, पहिल्या महिना-दोन महिन्यांतच गाओकाओच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या, धर्तीवर चाचणी काढायची वेळ येते. समोर पन्नासेक मुले असतात आणि पर्यायी प्रश्न सोडवण्यात ती आपल्याहून तरबेज असतात. त्यांच्यात एक ठोकताळा तोंडपाठ असतो: तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड घ्या, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब घ्या. पेपर ढिसाळ निघाला की हा ठोकताळा खरा ठरतो. मग मिळालेले गुण इंग्रजीचे की पर्याय हेरण्याच्या सवयीचे, हे कोणालाच सांगता येत नाही. ते सांगता यावे, याच हिशेबाने पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत.

पायरी १: आधी मूळ पेपर नीट पाहा

गाओकाओ ही चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा ७ जूनला सुरू होते. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ या वेळात असतो. तो १२० मिनिटांचा आणि १५० गुणांचा. नव्या पद्धतीच्या राष्ट्रीय पेपरात हे गुण असे वाटलेले असतात: श्रवण ३०, वाचन ५०, भाषेचा वापर ३०, लेखन ४०. म्हणजे ऐकणे आणि वाचणे मिळून ८० गुण, निम्म्याहून अधिक.

श्रवणात २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, तीन पर्याय. पहिल्या पाच प्रश्नांसाठी पाच छोटे संवाद असतात आणि ते एकदाच वाजतात. पुढचे १५ प्रश्न पाच मोठ्या संवादांवर किंवा निवेदनांवर असतात आणि ते दोनदा वाजतात. वाचनात ए ते डी असे चार उतारे, त्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चार पर्याय. ए वर तीन प्रश्न आणि बाकीच्यांवर चार-चार. त्यानंतर ‘सातातून पाच’ हा प्रकार: उताऱ्यातली पाच वाक्ये गाळलेली असतात, खाली सात दिलेली असतात, योग्य पाच जागेवर बसवायची. त्याचे साडेबारा गुण.

हा साचा सगळीकडे सारखा नाही, आणि नवखा शिक्षक बहुधा इथेच फसतो. बीजिंगमध्ये श्रवण आणि संभाषण मिळून ५० गुणांची संगणकावरची वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते, दोन्हींतले जास्त असतील ते गुण धरले जातात आणि लेखी पेपर १०० गुणांचा राहतो. शांघाय स्वतःचा पेपर काढते. आपले विद्यार्थी कोणत्या प्रांतातून बसणार हे विचारल्याशिवाय संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या भागाला किती प्रश्न आणि किती गुण याचा आराखडा, मांडायला बसू नका.

पायरी २: चाचणी कशासाठी, हे एका ओळीत लिहा

सराव परीक्षा आणि निदान चाचणी यांचे पेपर वेगळे निघतात. सराव परीक्षेत मूळ पेपराचा साचा, वेळ आणि काठिण्य हुबेहूब हवे. निदान चाचणीत साचा मोडायचा असतो, कारण मूल कुठे अडते ते शोधायचे असते. दोन्ही हेतू एकाच पेपरात कोंबले की एकही साधत नाही.

एक हिशेब सुरुवातीलाच करून ठेवा. पेपर न वाचता डोळे मिटून उत्तरे रंगवली तर श्रवणात सरासरी २० पैकी ६ ते ७ उत्तरे बरोबर येतात, म्हणजे १० गुण. चार उताऱ्यांवर १५ पैकी पावणेचार, म्हणजे साधारण ९.४ गुण. सातातून पाचमध्ये पाऊण उत्तराच्या आसपास, १.८ गुण. एकूण ८० पैकी २१ गुण निव्वळ नशिबाचे. त्यामुळे २५ गुण मिळवणाऱ्या मुलाला ‘थोडेफार येते’ असे समजू नका. त्याला काय येते हे या पेपराने सांगितलेलेच नाही.

पायरी ३: श्रवणाची संहिता आणि ध्वनिमुद्रण

संहिता लिहिण्याआधी वेळ मोजा. श्रवणाचा भाग सुमारे २० मिनिटांचा असतो. छोटा संवाद २५ शब्दांच्या आसपास ठेवला तर १२ सेकंदांत संपतो, त्यानंतर उत्तर देऊन पुढचा प्रश्न वाचायला १० सेकंद. असे पाच, म्हणजे जवळपास २ मिनिटे. दुसऱ्या भागात प्रत्येक प्रश्न वाचायला आधी ५ सेकंद आणि ऐकून झाल्यावर उत्तराला ५ सेकंद. १५ प्रश्नांचे अडीच मिनिटे झाले. सूचनांना २ आणि उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवायला २ मिनिटे धरा. उरली साधारण ११ मिनिटे. मोठ्या संहिता दोनदा वाजणार, तेव्हा एका वेळची लांबी साडेपाच मिनिटे. मिनिटाला १३० शब्दांच्या गतीने पाचही संहिता मिळून ७०० शब्दांच्या आत बसतात. १५ प्रश्नांची वाटणी २, ३, ३, ३, ४ अशी सोयीची पडते. शेवटची संहिता एकाच माणसाच्या निवेदनाची ठेवा.

संहिता बोलल्यासारखी लिहा. पुस्तकी वाक्ये संवाद म्हणून वाचली की तो श्रवणाच्या वेषातला वाचनाचा पेपर होतो. ‘आय डू नॉट नो’ न लिहिता ‘आय डोन्ट नो’ लिहा. बोलणारा अडखळू दे, एकदा मत बदलू दे: आधी मंगळवार ठरतो, मग गुरुवार होतो. श्रवणातला चांगला प्रश्न बहुतेक वेळा अशा वळणावरच सापडतो.

आवाज कोणाचा? गाओकाओत मुलांना ब्रिटिश किंवा अमेरिकी उच्चारांची सवय असते. मराठी तोंडातले टणक ट-ड, आणि सारख्याच निघणाऱ्या व्ही-डब्ल्यू त्यांना अनोळखी असतात. वर्गातल्या छोट्या चाचणीला स्वतः वाचले तर बिघडत नाही, पण सराव परीक्षेचे ध्वनिमुद्रण स्वतःच्या आवाजात करू नका. गुण उतरतील आणि दोष मुलांच्या कानांना दिला जाईल. एक स्त्रीचा आणि एक पुरुषाचा आवाज घ्या, म्हणजे कोण काय बोलले हे शोधण्यात मुलांची शक्ती जाणार नाही.

आता चिनी कानाला नेमके काय जड जाते ते पाहू, कारण प्रश्न तिथेच बेतायचे असतात. प्रमाण चिनीत अक्षराच्या शेवटी स्वर, न किंवा अनुनासिक ङ, फार तर र येतो. म्हणून ‘वॉक’ आणि ‘वॉक्ट’ यांतला फरक, अनेकवचनाचा शेवटचा स, हे सहज निसटतात. क्रियापदाला काळाचे रूप लावायची सवय मातृभाषेत नाही, तेव्हा निसटले हे मुलाच्या लक्षातही येत नाही. काळ ओळखता येणे हाच प्रश्नाचा हेतू असेल तर हे चालेल. पण हेतू ‘ते कुठे जाणार आहेत’ असा असेल आणि उत्तर मात्र शेवटच्या ट वर अवलंबून असेल, तर तो प्रश्न भलतेच मोजतो.

मोठ्या संख्यांची गोष्ट मराठी शिक्षकाला चटकन कळेल. मिलियन ऐकल्यावर आपण मनात ‘दहा लाख’ करतो ना, तसेच त्यांचे आहे. त्यांचे एकक दहा हजारांचे आहे, ‘वान’. ‘थर्टी-फाइव्ह थाउजंड’ त्यांच्या डोक्यात साडेतीन वान होऊन बसते. तेव्हा पाच अंकी संख्या विचारताना दोन गोष्टी एकदम तपासल्या जातात, ऐकणे आणि गटवारी बदलणे. एका पेपरात असा एकच प्रश्न पुरे. फिफ्टीन-फिफ्टीची जोडी मात्र जुनी आणि सगळ्यांना पाठ. गाओकाओच्या छापील नमुना प्रश्नातच शर्टाची किंमत विचारलेली असते आणि उत्तर ९ पौंड १५ पेन्स असते. हा शर्ट चीनमध्ये विनोदाचा विषय झाला आहे. तो पुन्हा वापरू नका, वर्ग हसेल आणि पुढचा प्रश्न ऐकायचा राहील.

नकारार्थी प्रश्नाचेही तेच. ‘तुला आवडत नाही का?’ याला आपण ‘हो, नाही आवडत’ म्हणतो. चिनीतही होकार समोरच्याच्या विधानाला असतो. इंग्रजीत त्याच उत्तराला ‘नो’ लागतो. छोट्या संवादात ही अडचण मुद्दाम घालता येते, पण ते कळून-सवरून करा.

पर्याय बेतताना ‘ऐकू आला तो शब्द खोटा’ ही दुसरी युक्ती डोक्यात ठेवा. बऱ्याच पेपरांत चकवा पर्यायात संहितेतला शब्द जसाच्या तसा असतो आणि बरोबर पर्यायात समानार्थी, त्यामुळे मुले ऐकलेला शब्द सोडूनच देतात. उपाय सोपा आहे: २० पैकी ५-६ प्रश्नांत तिन्ही पर्याय संहितेत ऐकू येऊ द्या आणि फरक फक्त संदर्भाने ठरू द्या. ग्रंथालय, बस थांबा आणि दवाखाना तिन्हींचा उल्लेख झाला. बाई आत्ता कुठे आहेत? इथे कुठलीच युक्ती चालत नाही. तिन्ही पर्याय लांबीने सारखे ठेवा, आणि बरोबर उत्तराची अक्षरे नाणे किंवा फासा टाकून ठरवा. मनाने ठरवली की बी आणि सी जास्त पडतात.

पायरी ४: उतारे आणि त्यांवरचे प्रश्न

उतारा तीनशे शब्दांच्या आसपासचा घ्या. ए उतारा व्यवहारातला असतो: सूचना, वेळापत्रक, संग्रहालयाची माहिती. बी बहुधा व्यक्तीविषयी किंवा प्रसंगाविषयी, सी आणि डी माहितीपर, बरेचदा विज्ञानाकडे झुकणारे.

शब्दांची चाळणी अभ्यासक्रमाच्या यादीने करा. २०१७ च्या, २०२० मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमानुसार गाओकाओला बसणाऱ्या विद्यार्थ्याला सुमारे ३,००० शब्द यायला हवेत. पहिल्या वर्षातल्या मुलांना ही यादी लावू नका. सक्तीच्या पाठ्यक्रमाअखेर अपेक्षा २,००० ते २,१०० शब्दांचीच आहे. उतारा समजायला ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात हे वाचनशास्त्रात रूढ आहे. म्हणजे ३०० शब्दांत ६ ते १५ अनोळखी शब्द चालतात. त्याहून जास्त निघाले तर उतारा बदला, किंवा मूळ पेपरात करतात तसे शब्दापुढे चिनी अर्थ द्या. फक्त ज्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखायला सांगणार आहात, त्याचाच अर्थ देऊन बसू नका. गंमत वाटेल, पण ही चूक वारंवार होते.

वाक्यरचनेकडे शब्दांइतकेच लक्ष हवे. ‘काल आलेला मुलगा’ हे चिनीतही याच क्रमाने येते, विशेषण आधी आणि नाम शेवटी. इंग्रजीत नाम आधी येते आणि वर्णन त्याच्यामागे लांबत जाते. नाम आणि त्याचे क्रियापद यांच्यात १२-१५ शब्द अडकले की मुलाच्या हातून कर्ता सुटतो. एका उताऱ्यात अशी दोन वाक्ये ठेवा आणि त्यांतल्या एकावर प्रश्न विचारा. सगळी वाक्ये तशी असली तर कोण कशाने चुकला ते समजत नाही.

चार प्रश्नांत तपशील, अनुमान, शब्दार्थ आणि शीर्षक किंवा मुख्य आशय अशी वाटणी करा, आणि आशयाचा प्रश्न शेवटी ठेवा. ‘ऑल’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ असलेला पर्याय खोटा असतो हेही मुलांना शिकवलेले असते. उताऱ्याला धरून एखादा असा पर्याय खरा निघू द्या.

मग एक तपासणी कराच: उतारा झाकून फक्त प्रश्न पाच-सहा जणांना द्या, पण त्याच वर्गातल्या नको. चार पर्यायांत नशिबाने २५ टक्के उत्तरे यायला हवीत. निम्मी आली, तर ते प्रश्न उतारा वाचल्याशिवाय सुटतात. ‘प्लास्टिकने समुद्राचे नुकसान होते’ हे कळायला उतारा लागत नाही.

‘सातातून पाच’ काढायला सोपे दिसते आणि सर्वांत जास्त बिघडते. मुद्दे ठळक असलेला ‘कसे करावे’ छापाचा उतारा घ्या. गाळायच्या प्रत्येक वाक्याला मागे आणि पुढे जोडणारा दुवा हवा: सर्वनाम, ‘हाउएव्हर’सारखा जोडशब्द, किंवा पुन्हा आलेले नाम. परिच्छेदाचे पहिले वाक्य, मधला सांधा आणि समारोप, अशा वेगवेगळ्या जागा घ्या. जास्तीची दोन वाक्ये विषयाला धरून, पण सर्वनामात किंवा क्रमात न बसणारी हवीत. दोन सहकाऱ्यांना सोडवायला द्या. दोघांची उत्तरे एका जागी वेगळी आली तर त्यांच्याशी वाद न घालता ते वाक्य बदला. या प्रकारात एक चूक दुसरीला ओढून नेते, कारण एका जागी चुकीचे वापरलेले वाक्य दुसऱ्या जागेला मिळत नाही. म्हणून इथल्या गुणांवरून मुलाविषयी मोठा निष्कर्ष काढू नका.

पायरी ५: चाचणीच्या दिवशी

ध्वनिफीत आदल्या दिवशी त्याच खोलीत, खिडक्या लावून, शेवटच्या बाकावर बसून पूर्ण ऐका. पंख्याचा आवाज पहिल्या बाकावर जाणवत नाही. फाइलची प्रत दुसऱ्या उपकरणावर ठेवा. गाओकाओच्या वेळी केंद्राजवळची बांधकामे आणि भोंगे बंद ठेवले जातात. शाळेत ते आपल्या हातात नाही, म्हणून तास सुटण्याची घंटा तरी त्या २० मिनिटांत येत नाही ना ते पाहा. सुरू होण्याआधी १५ मिनिटे दार बंद करण्याचा मूळ परीक्षेचा नियम पाळा. उत्तरपत्रिकेला २बी पेन्सिल लागते, फिकट पेन्सिलीचे वर्तुळ यंत्र वाचत नाही. मध्येच ध्वनी तुटला तर काय करायचे, हे आधी कागदावर लिहा: त्या संहितेच्या सुरुवातीपासून पुन्हा वाजवायचे आणि वाया गेलेली मिनिटे शेवटी द्यायची. ऐनवेळी ठरवले तर शेजारच्या वर्गात वेगळेच काही होते आणि दोन्ही वर्गांचे गुण तुलनेला निकामी होतात.

पायरी ६: पेपर तपासून झाल्यावर पेपरच तपासा

४८ मुलांचा वर्ग धरा. एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के, म्हणजे १३-१३ मुले वेगळी काढा. एका प्रश्नाला वरच्या गटातल्या ११ आणि खालच्या ५ मुलांनी बरोबर उत्तर दिले. काठिण्य मूल्य, म्हणजे दोन्ही गटांत मिळून बरोबर उत्तरांचे प्रमाण, १६ भागिले २६, म्हणजे ०.६२. भेदन मूल्य, म्हणजे प्रश्नाने वरची आणि खालची मुले किती वेगळी पडतात ते, ११ वजा ५, भागिले १३, म्हणजे ०.४६. हा प्रश्न चांगला. दुसऱ्याला वरच्या ६ आणि खालच्या ८ मुलांनी बरोबर सोडवले तर भेदन मूल्य उणे येते. हुशार मुले चुकतात आणि कच्ची बरोबर येतात, तेव्हा बहुधा उत्तरसूची चुकलेली असते किंवा दुसराही पर्याय खरा असतो. आधी सूची पाहा. भेदन मूल्य ०.२० च्या खाली गेलेला प्रश्न पुढच्या पेपरात जसाच्या तसा नको. जो चकवा पर्याय ४८ पैकी एखाद्यानेच निवडला, तो चकवत नाही. तीन पर्यायांच्या प्रश्नात असा एक असला की उरलेल्या दोघांत नाणेफेक होते.

श्रवणाच्या गुणांवरून क्रमवारी लावणाऱ्यांसाठी एक इशारा. २० पैकी १२ बरोबर असणाऱ्या मुलाच्या गुणांत सुमारे २ प्रश्नांचा चढउतार निव्वळ योगायोगाने होतो, म्हणजे ३ गुणांचा. एवढ्या फरकावर कोणाला पुढे-मागे बसवू नये.

पायरी ७: चूक कानाची की भाषेची?

श्रवणात चुकलेल्या मुलांना दोन दिवसांनी तीच संहिता छापून द्या, तेच प्रश्न, पण पर्याय काढून. वाचून उत्तर आले तर भाषा येते, कान मागे आहे. वाचूनही आले नाही तर शब्द किंवा रचना कच्ची आहे, आणि त्याला आणखी ध्वनिफिती ऐकवणे व्यर्थ. पहिल्या गटाला १० गाळलेल्या जागांचे श्रुतलेखन द्या. जागा अशा ठिकाणी ठेवा जिथे शब्द एकमेकांत मिसळतात: ‘गेट अप’, ‘शुड हॅव’, ‘लास्ट डे’.

वाचनासाठी दोन उपाय. ३५ मिनिटे झाली की पेन्सिल खाली ठेवून निळ्या पेनने पुढे लिहायला सांगा, आणि आणखी १५ मिनिटे द्या. पेन्सिलीतले चूक आणि निळ्यातलेही चूक असेल तर प्रश्न समजेचा. निळ्यातले बरोबर असेल तर वेगाचा. दुसरा उपाय, डी उताऱ्याचा आशय दोन वाक्यांत चिनीत लिहायला लावा आणि चिनी सहकाऱ्याकडून तपासून घ्या. पर्याय बरोबर पण आशय भलताच, अशी मुले या ठिकाणी सापडतात. इंग्रजीत लिहायला लावले तर वाचनाऐवजी लेखन मोजले जाते.

पायरी ८: दोन पेपरांची तुलना

सप्टेंबरमध्ये ५२ आणि डिसेंबरमध्ये ५८, म्हणजे मूल सुधारले की पेपर सोपा होता? हा प्रश्न सरकारी परीक्षेलाही सुटलेला नाही. झेजियांग प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोव्हेंबर २०१८ चा पेपर आदल्या वर्षीपेक्षा अवघड गेला म्हणून वाचन आणि लेखनातल्या काही प्रश्नांचे गुण भारांकाने वाढवले गेले. पालकांनी आवाज उठवला, चौकशी झाली, आणि डिसेंबरात तो निर्णय चुकीचा ठरवून मूळ गुण परत लावले गेले. पेपर झाल्यावर गुण ओढून बरोबरी साधायची नसते.

बरोबरी आधीच पेरावी लागते. दोन्ही पेपरांत एक उतारा आणि एक मोठी श्रवणसंहिता तीच ठेवा, आणि पहिल्या वेळी तो भाग मुलांकडून परत घेऊन त्याची चर्चा करू नका. त्या ७-८ प्रश्नांत वर्गाची सरासरी वाढली तर सुधारणा खरी. तिथे जैसे थे आणि बाकी पेपरात वाढ असेल तर पेपर सोपा होता. यासाठी प्रत्येक प्रश्नाची एक चिठ्ठी ठेवा: संहिता किंवा उताऱ्याचा क्रमांक, प्रश्नाचा प्रकार, केव्हा आणि कोणत्या वर्गाला दिला, काठिण्य मूल्य, भेदन मूल्य, आणि प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला. फोनमध्ये उताऱ्याचे फोटो निघाले असतील तर चिठ्ठीवर काट मारा. ते प्रश्न आठवड्याभरात शेजारच्या शाळेतही पोचलेले असतात.